टिंब नसलेलं फोल्डर

आधीच सांगून ठेवते, या बाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही. संगणकावर बसणारा माणूस आपल्या सवयीप्रमाणे जे काही जुळवून घेतो, म्हणजे अक्षर केवढं हवं, कुठली कळ दाबली की काय उमटावं, पडद्याचा कुठला रंग डोळ्यांना सोसतो, ते सगळं त्या माणसाच्या घरात राहिलं पाहिजे. कार्यालयात नाही, कपाटात नाही, साहेबाच्या मर्जीत तर अजिबात नाही. यावरून मला एक मेमो मिळालेला आहे. मी तो प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून जपून ठेवलाय, कारण असा मेमो दुसऱ्या कुणाला मिळाला असेल असं मला वाटत नाही.

नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळच्या एका कॉलेजात मी संगणक कक्ष सांभाळते. हुद्दा लॅब असिस्टंट. पण प्रिंटरला कागद घालण्यापासून प्राचार्यांचा विसरलेला पासवर्ड शोधण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. कक्षात आणि ऑफिसात मिळून बावीस मशीन आहेत, सगळी म्हातारी. काही वर्षांपूर्वी ती भंगारात निघाली होती. मी अडून बसले, म्हटलं मला एक उन्हाळी सुट्टी द्या, मग काय ते ठरवा. त्या सुट्टीत एकेक मशीन उघडलं, धूळ झाडली आणि सगळ्यांवर लिनक्स घातलं. तेव्हापासून ती कुरकुरत का होईना, चालतायत. ज्यांनी भंगारवाल्याला फोन लावला होता तेच आता पाहुण्यांना कक्ष दाखवायला घेऊन येतात, आणि मी मागं उभी राहून गालात हसते.

ज्यांना लिनक्स ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. त्यात ‘होम’ नावाचं एक फोल्डर असतं आणि त्याच्या पोटात मशीन वापरणाऱ्या प्रत्येकाचं एकेक घर. त्या घरात तो काय वाटेल ते करू शकतो, कुणाला विचारायची गरज नाही. दुसरीकडं ‘ईटीसी’ नावाची जागा असते. ती गावच्या चावडीसारखी. सगळ्या मशीनला लागू होणारे नियम तिथं लिहिलेले असतात, आणि तिथं लिहायचा अधिकार एकट्या प्रमुखाला.

आता घरातल्या सवयींच्या फाईली कुठं असतात? तर घरभर विखुरलेल्या, आणि प्रत्येकीच्या नावाआधी एक टिंब. नाव टिंबानं सुरू झालं की ती फाईल यादीत दिसत नाही. ऐकून आहे की फार पूर्वी कुणीतरी यादी करताना टिंबानं सुरू होणारी नको ती दोन नावं वगळायला सोपी युक्ती केली, आणि टिंबवाली सगळीच नावं त्यात गडप झाली. मग जो तो प्रोग्राम आपली फाईल टिंब लावून घरात टाकायला लागला. हल्ली म्हणतात की सगळ्यांनी मिळून एकाच फोल्डरात ठेवा. बरं आहे. पण त्या फोल्डराच्या नावालाही टिंबच. म्हणजे घर आवरलं आणि सगळं पलंगाखाली ढकललं.

हे मी आज फणकाऱ्यानं सांगतेय, पण तेव्हा मीच सगळ्यांना शिकवायचे, की टिंब असलेल्या फाईलींकडं बघू नका, त्या झाकलेल्या आहेत म्हणून सुरक्षित आहेत. माझं मलाच ते फार पटलेलं होतं.

आमच्या ऑफिसात एक क्लार्क आहे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. माहेर काष्टीचं, सासर इथलं. बारा वर्षांची असताना कडबा कुट्टीच्या यंत्रात कडबा सारता सारता तिचा उजवा हात आत गेला आणि मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. त्या हातानं ती भाकरी थापते, स्कूटी चालवते, पण कीबोर्डवर बसली की डावा हात एकटा सगळीकडं धावायचा. बोनाफाईड टाईप करायला तिला इतका वेळ लागायचा की खिडकीबाहेर पोरं उगाच खोकायची. ती मान खाली घालून टाईप करत राहायची, आणि मला तिकडं बसल्या बसल्या राग यायचा, पोरांचा आणि कीबोर्ड बनवणाऱ्यांचाही.

एका सुट्टीत मी तिला म्हटलं, तुझ्यासाठी कीबोर्डच बदलू. तिला वाटलं मी बाजारातून नवीन आणणार. मी सांगितलं की कीबोर्ड हाच राहील, फक्त कुठली कळ काय बोलते ते आपण ठरवायचं. मग आम्ही दोघी दुपारभर पंख्याखाली बसायचो. डाव्या पाच बोटांच्या आवाक्यातल्या कळा घेतल्या आणि एकेका कळेवर तीन तीन अक्षरं बसवली. उजव्या हाताच्या अंगठ्यानं स्पेसशेजारची कळ दाबून धरली की दुसरं अक्षर, करंगळीनं शिफ्ट दाबली की तिसरं. काना कुठं, वेलांटी कुठं, यावर आमची भांडणं झाली. ‘ळ’ मी एका कोपऱ्यात टाकला होता, तर ती म्हणाली की शाळा आणि काष्टीकडची निम्मी आडनावं त्या अक्षरावर चालतात, त्याला जवळ आणा. आणला. दोन महिन्यांत तिचा हात असा पळायला लागला की खिडकीतली खोकणारी पोरं तिचं टायपिंग बघायला थांबायला लागली.

सुरुवातीला कुठल्या कळेवर काय आहे त्याचा कागद मी तिच्या मशीनला चिकटवला होता. महिन्याभरानं तो मीच फाडला. बघून टाईप करायची सवय मोडायला पाहिजे म्हणून. जुळवणीची फाईल तिच्या घरात होती, नावाआधी टिंब लावून, माझ्या समजुतीप्रमाणं एकदम सुरक्षित.

ही बाई अकरा वर्षं तात्पुरती होती. दर अकरा महिन्यांनी तिला एक दिवस घरी बसवायचे आणि नवीन ऑर्डर द्यायचे. तो एक दिवस ती देवळात जायची आणि कुणाशी बोलायची नाही. मागच्या उन्हाळ्यात संस्थेच्या नगरच्या मुख्य कार्यालयातून पत्र आलं, की तात्पुरत्या क्लार्कांची टायपिंग परीक्षा होईल आणि पास होणाऱ्यांना कायम करू. मराठीत मिनिटाला तीस शब्द. तिला हे काहीच अवघड नव्हतं. पण वयाची मर्यादा तिची त्याच वर्षी संपत होती. म्हणजे ही परीक्षा पहिली आणि शेवटची. ते पत्र तिनं माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि त्याची घडी पाच वेळा घालून पाच वेळा उघडली.

त्याच महिन्यात संस्थेत नवीन संगणकप्रमुख आले. माणूस सज्जन, बोलायला गोड. शर्टाची इस्त्री दिवस मावळला तरी तशीच. त्यांनी आल्या आल्या सगळ्या शाखांसाठी नवीन योजना काढली. सगळ्या मशीनवर एकसारखी व्यवस्था, आणि माणूस लॉगआउट झाला की त्याचं घर पुसून कोरं. जे काही टिकायला हवं ते ईटीसीत, आणि ईटीसीत फक्त ते लिहिणार. ते आमच्या कक्षात आले तेव्हा मी चहा मागवला. चहा येईपर्यंत आमचं चांगलं चाललं होतं.

त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं, खोटं कशाला बोलू. कुठल्याही मशीनवर कुणीही बसलं तरी सारखंच दिसावं, बिघडलं तर दुरुस्ती सोपी, पोरांनी केलेला पसारा रोजच्या रोज साफ. पोरांच्या मशीनचं एक वेळ समजू शकते. मग मी त्यांना आमच्या क्लार्कच्या कीबोर्डबद्दल सांगितलं. ते म्हणाले, वैयक्तिक गोष्टी सामायिक जागेत घालता येणार नाहीत, एकीची घातली की उद्या दहा जण येतील. मी म्हटलं, मग तिच्या घरात राहू द्या. तर म्हणे घरं पुसायची आहेत. म्हणजे चावडीत जागा नाही आणि घर रोज मोडणार, मग तिनं आपल्या सवयी ठेवायच्या कुठं, असं मी विचारलं. त्यावर ते अगदी प्रेमानं म्हणाले, “मॅडम, माणसानं व्यवस्थेची सवय करून घ्यायची असते.”

माझं डोकंच फिरलं. चहा तसाच राहिला.

इथं मला माझ्या वडिलांबद्दल सांगावं लागेल. ते मिशनच्या शाळांत शिक्षक होते. राहात्याच्या बाजूला चार-पाच गावांत आमच्या बदल्या झाल्या, आणि राहायला नेहमी संस्थेची क्वार्टर. वडील नव्या क्वार्टरमध्ये गेले की पहिल्यांदा आपल्या खुंट्या ठोकायचे. एक त्यांच्या कोटाला, एक आईच्या पिशवीला, एक माझ्या दप्तराला, माझ्या उंचीवर. बदली झाली की खुंट्या उपटून बिस्किटाच्या डब्यात भरायचे आणि भोकं चुन्यानं बुजवायचे. एकदा कुणी तपासणीला आलेले साहेब म्हणाले की संस्थेच्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही, सगळ्यांना एकसारखी फळी मिळेल. वडील एरवी वर मान करून बोलायचे नाहीत. पण तेव्हा म्हणाले, भिंत तुमची आहे साहेब, पण खुंटी माझी आहे, आणि माझ्या पोरीचा हात तुमच्या फळीला पुरत नाही. साहेब निघून गेले. खुंटी राहिली. मला तेव्हा काही कळलं नव्हतं, फक्त वडील उंच वाटले होते.

तर मी प्रमुखसाहेबांना म्हटलं, करा काय करायचं ते, पण आधी मी सगळ्यांच्या घरांची प्रत काढणार. ते म्हणाले जरूर काढा, सोमवारी आमची माणसं येतील. शनिवारी मी एकटी बसले आणि रागारागात प्रती काढल्या. प्रत्येकाच्या घरात शिरायचं आणि चांदणी टाकायची. चांदणी म्हणजे तो फुलीसारखा तारा, त्याचा अर्थ ‘इथलं सगळं’. सगळं उचल आणि पेन ड्राइव्हवर टाक. बावीस मशीन झाली, पेन ड्राइव्ह गळ्यात अडकवला आणि ताठ मानेनं घरी गेले.

सोमवारी माणसं आली, डिस्का पुसल्या, वर नवीन व्यवस्था भरली. मंगळवारी सकाळी क्लार्क मशीनवर बसली आणि दोन मिनिटांत माझ्या दारात आली. म्हणाली की कीबोर्ड तिचं ऐकत नाही. मी म्हटलं, थांब गं, आपल्याकडं सगळं आहे. पेन ड्राइव्ह लावला, तिचं घर उघडलं. पत्रं होती, दाखले होते, तिच्या पोरीचे वाढदिवसाचे फोटो होते. कीबोर्डची फाईल नव्हती. लपवलेल्या फाईली दाखव म्हणून हुकूम दिला. एकही नव्हती. दुसऱ्या कुणाच्या घरात असतील म्हणून बावीसही मशीनची घरं पाहिली.

चांदणीला टिंबवाल्या फाईली दिसत नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी हे दर वर्षी पोरांना फळ्यावर लिहून शिकवते, परीक्षेत दोन मार्कांना विचारते. साहेबांना धडा शिकवायच्या नादात मीच विसरले. झाकलेलं ते सुरक्षित म्हणून मी मिरवत होते, आणि झाकलेलं होतं म्हणूनच ते माझ्याच हातून सुटलं. साहेबांच्या माणसांनी फक्त पुसलं. हरवलं मी.

परीक्षेला अकरा दिवस होते.

तिला सांगताना मी रडले, यात लपवण्यासारखं काही नाही. वाटलं होतं ती चिडेल, आणि चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उभी राहिली, डाव्या हातानं उजव्या हाताचा अंगठा धरून. मी म्हटलं आपण पुन्हा बनवू, तू सांग कुठल्या कळेवर काय होतं. ‘क’ कुठं होता? ती म्हणाली, आठवत न्हाई. ‘ळ’ कुठं होता? ते पण न्हाई. नवीन जुळवणी करायची तर हात बसायला दोन महिने लागले असते, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. मी कागद फाडला तो दिवस मला आठवला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग तीच खुर्चीवर बसली. मशीन बंद होतं. तिनं दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि म्हणाली, “ताई, मला काय इचारू नका. या बोटांना इचारा. मी दाखला लिवते, तुमी नुसतं बगा.”

आणि बंद कीबोर्डवर ती बोनाफाईड टाईप करायला लागली. डोळे खिडकीबाहेर, तोंडानं हळू बोलत, ‘दाखला देण्यात येतो की’. त्या जुळवणीवर तिनं ते हजारदा टाईप केलं असेल. मी शेजारी स्टूल घेतलं आणि तिचं बोट कुठं पडतंय, अंगठा दाबलाय का करंगळी, ते वहीत टिपायला लागले. तिला हळू जा म्हटलं की ती अडायची. हळू गेलं की बोटं विचार करायला लागायची आणि चुकायची. म्हणून तिला वेगातच जाऊ दिलं आणि मी तोच दाखला पुन्हा पुन्हा लिहायला लावला. ‘विद्यार्थिनी’मधून बरीच अक्षरं मिळाली. ‘ळ’साठी शाळा, ‘ढ’साठी आषाढ. ‘ञ’ कशात येतो हे दोघींनाही आठवेना, तो आम्ही सोडून दिला, आणि आजतागायत त्यावाचून आमचं काही अडलेलं नाही. तीन दुपारी लागल्या. तिसऱ्या दुपारी फाईल तयार झाली, मशीन चालू केलं, तिनं दाखला टाईप केला आणि तो पडद्यावर जसाच्या तसा उमटला. ती हसली. मी नाही हसले, कारण मला अजून एक गोष्ट ठरवायची होती.

ही फाईल ठेवायची कुठं? मी तिच्या घरात एक फोल्डर केलं, नाव दिलं ‘सवयी’, आणि त्याला टिंब लावलं नाही. उघड, यादीत सगळ्यांत आधी दिसेल असं. कुणाची चांदणी आली तरी हे उचलून नेईल. घर रोज संध्याकाळी पुसलं जायचं, म्हणून तेच फोल्डर एका छोट्या पेन ड्राइव्हवरही ठेवलं. तो तिनं मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात ओवला. रोज सकाळी आल्यावर फोल्डर घरात टाकायचं, एका ओळीचा हुकूम द्यायचा, की कीबोर्ड तिचा. यासाठी कुठल्या प्रमुखाची परवानगी लागत नाही, ईटीसीला हात लावावा लागत नाही. घरात ठेवण्याचा सगळा मुद्दाच तो आहे. चावडीत लिहायचं तर साहेबाची सही हवी. आपल्या घरात खुंटी ठोकायला कुणाची सही लागत नाही.

परीक्षेला मी तिच्याबरोबर गेले. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण कंडक्टर अजून नगर नगर म्हणूनच ओरडतो. राहुरीच्या पुढं तिनं मला विचारलं की तिथं हे चालू देतील ना. मी म्हटलं न द्यायला काय झालं.

हॉलमध्ये तीस मशीन, सगळी कोरी. प्रत्येकाला त्या दिवसापुरतं एक नाव आणि रिकामं घर. प्रमुखसाहेब तिथं होतेच. परीक्षेचं काम मात्र कार्यालयातल्या एका जुन्या अधीक्षकांकडं होतं. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. कानात भिकबाळीचं बुजलेलं भोक, चष्मा कपाळावर. क्लार्कनं दोऱ्यातला पेन ड्राइव्ह काढून मशीनला लावला तसे साहेब पुढं आले. बाहेरचं काही लावायचं नाही, ते म्हणाले. मी दारात उभी होते. मला आत यायला मनाई होती, तरी मी आत गेले.

मी विचारलं की कुठल्या नियमात लिहिलंय ते दाखवा. ते म्हणाले, सर्वांना समान व्यवस्था, हाच नियम. मी म्हटलं, व्यवस्थेला कुणी हात लावलाय? तुमच्या ईटीसीतली एक ओळ बदललेली दाखवा, मी आत्ता हिला घेऊन घरी जाते. आवाज माझा चढला होता. बाकीचे परीक्षार्थी माना वळवून बघत होते. तेवढ्यात ती स्वतः उभी राहिली. मी तिला कधी साहेबासमोर बोलताना पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, “सायेब, तुमच्या जागेत मला काय बी ठेवायचं न्हाई. मला दिलेल्या घरात ठेवते आन जाताना घेऊन जाते. परीक्षा माज्या बोटांची हाय. जेवढी हायत तेवढ्यांची घ्या.”

भाऊसाहेबांनी चष्मा नाकावर घेतला आणि पेन ड्राइव्हमध्ये काय आहे ते दाखवायला सांगितलं. तिनं यादी उघडली. एकच फोल्डर, सवयी. त्यात एकच फाईल. त्यांनी ती उघडून ओळ न् ओळ वाचली. परीक्षेचा उतारा त्यात कुठं दडवलाय का ते बघायचं होतं त्यांना, आणि ते बरोबरच होतं. मग माझ्याकडं बघून विचारलं की यात झाकलेलं काही आहे का. मी सांगितलं, एक टिंबसुद्धा नाही, भाऊसाहेब, कसंही तपासा. टिंब लावलेलं असतं तर त्या क्षणी आम्ही दोघी चोर ठरलो असतो. त्यांनी फाईल बंद केली, साहेबांना म्हणाले की कीबोर्ड आपलाच आहे, मशीन आपलंच आहे, बसू द्या तिला.

ती बसली. मला बाहेर काढलं. दाराच्या काचेतून मला फक्त तिची पाठ दिसत होती आणि डावं कोपर. कोपर थांबलं नाही एवढंच मी पाहत होते. वेळ संपल्यावर तिनं कागद दिला, फोल्डर पुसलं, पेन ड्राइव्ह काढून दोऱ्यात ओवला आणि लॉगआउट झाली. मशीन परत कोरं झालं. भिंतीला भोकसुद्धा राहिलं नाही.

परीक्षेनंतरच्या सोमवारी मी कॉलेजात आले आणि बावीस मशीनवरचं ते घर पुसायचं बंद करून टाकलं. प्रमुखाचा पासवर्ड मला दिलेला नव्हता. पण जी मशीन मी स्वतः उघडून झाडलीयत ती मला आत घेणार नाहीत तर कुणाला घेणार. प्रत्येकाच्या घरात ‘सवयी’ नावाचं उघडं फोल्डर केलं. प्रोग्राम हट्टी असतात, त्यांना टिंबवालं जुनं नावच लागतं, म्हणून जुन्या नावाच्या जागी नुसती पाटी लावली, की इकडं नाही, तिकडं बघ. हे मी लपून केलं नाही. साहेबांना पत्र लिहून कळवलं, खाली सही ठोकून.

उत्तर यायला महिना लागला. त्याच्या आदल्या दिवशी क्लार्कची ऑर्डर आली होती, कायम झाल्याची. तिनं ऑफिसात पेढे वाटले आणि माझ्या टेबलावर दोन जास्त ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचं उत्तर प्राचार्यांकडं आलं आणि त्यांनी तिला बोलावून मजकूर सांगितला. कायम झाल्यावर तिनं टाईप केलेला पहिला कागद तो. दुपारी ती तो घेऊन माझ्याकडं आली, हातात धरून, दारातच उभी राहिली. मी हात पुढं केला. विनापरवानगी व्यवस्थेत बदल केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा कारवाई करण्यात येईल. तो मेमो माझ्या नावानं होता.

मी पूर्ण वाचला. ती हळूच म्हणाली, “एक बी चूक न्हाई ताई, दोनदा बगितलं.”

खरंच नव्हती. वेलांट्या, जोडाक्षरं, सगळं जिथल्या तिथं. ‘व्यवस्थेत’मधला ‘स्थ’ तर कीबोर्डवर किती आडवा बसवला होता आम्ही, तोही नीट. मी मेमोवर सही केली आणि तिला म्हटलं, बस, खुलासा लिहून घे. ती माझ्याच मशीनवर आपल्या नावानं बसली. दोरा गळ्यातून काढायची गरज नव्हती, तिचं घर मी तिथंही जसंच्या तसं मांडून ठेवलं होतं. मी सांगितलं, संबंधित फाईली संबंधित व्यक्तींच्या घरी आहेत, त्या तिथंच राहतील. तिनं टाईप केलं आणि पुढच्या वाक्यासाठी हात तसाच धरून थांबली.

मी म्हटलं, संपलं, एवढंच.

तिनं विचारलं की प्रती किती काढू. मी म्हटलं दोन, एक साहेबांना. दुसरी कुठं ठेवायची ते तिनं विचारलं नाही. आपल्या घरात गेली, सवयी उघडलं, आणि कीबोर्डच्या फाईलीशेजारी ती ठेवून दिली, टिंब न लावता.